सव्वाचारचा सूर्यास्त

मुग्धाच्या मागच्या अंगणात मेथीसाठी वाफा खणत होतो. वीतभर माती निघाली नसेल, तोच फावड्याला काहीतरी अडकलं. मूळ असेल म्हणून मुग्धाने ओढलं, तर तांब्याची तार हातात आली. उघडी, हिरवी पडलेली. ओढली की थोडी यायची, मग अडायची, जोर केला की पुन्हा यायची. लॉन उसवत ती सरळ कुंपणाच्या दिशेने निघाली होती. मुग्धाची आठ वर्षांची रिया ती धरून उलट पावली चालत म्हणाली, "आई, इट्स स्टिल कमिंग."

"ताई, करंट नसेल ना हिच्यात?" मुग्धा हात झटकत म्हणाली. "बिल्डरला कॉल करू का?"

बिल्डर केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता. २००८चा सप्टेंबर होता. नेपरव्हिलच्या पलीकडच्या ह्या वसाहतीत रस्ते झाले होते, दिव्याचे खांबही उभे होते, घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्या प्लॉटवर गुडघाभर गवत माजलेलं आणि 'विकणे आहे'च्या पाट्या वाऱ्याने कलंडलेल्या. घर स्वस्तात मिळालं म्हणून मुग्धा खूश होती, आणि एवढं स्वस्त का मिळालं म्हणून धास्तावलेलीही होती.

तार कुठे जाते ते बघायला मी कुंपणापाशी गेले आणि मान वर केली. दूरवर गावाची पाण्याची टाकी दिसली, तिच्या डाव्या अंगाला धान्याची दोन जुनी कोठारं. नेमक्या ह्याच बाजूने ती टाकी मी कितीतरी रविवार पाहिली होती. तिच्यामागे सूर्य उतरायला लागला की माझा जीव टांगणीला लागायचा. येताना रस्ता ओळखू आला नव्हता, कारण मका गेला होता. मका होता तेव्हा ह्या भागात रस्ता असा नव्हताच, होती ती मक्यातून काढलेली एक फट.

मी मूळचीच एका जागी न बसणारी. पायाला भिंगरी आहे हिच्या, असं साताऱ्याला आई म्हणायची. तिथे बँकेत नोकरी होती, येण्याजाण्यात भिंगरी जिरून जायची. लग्न होऊन शॉमबर्गला आले ती डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची नाही, गाडी येत नाही, आणि बाहेर बर्फ. नितीन, माझा नवरा, सकाळी ऑफिसला गेला की मी अपार्टमेंटच्या खिडकीपासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून खिडकीपर्यंत चालत असे. तो नागपूरचा. संध्याकाळी येऊन म्हणायचा, "काय येरझारा घालून राहिली आहेस यार, कार्पेट झिजून जाईल. डिपॉझिट परत नाही मिळणार." मी हसायचे, पण रात्री कुशीवर वळले की पाय आपोआप हलत राहायचे.

शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मंडळाचा गणपती बसायचा. तिथे एका वर्षी निवेदन करायला कोणी नव्हतं म्हणून मी उभी राहिले. आरती झाल्यावर एक उंच, टक्कल पडलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेले गृहस्थ जवळ आले. ते दातेकाका. सत्तरच्या दशकात आलेले, रिटायर झालेले इंजिनियर, अंगातली शिस्त मात्र अजून ड्युटीवर. दर रविवारी ते इथल्या एका छोट्या एएम रेडिओ स्टेशनवर मराठीचा एक तास चालवायचे, फुकट, हौसेने.

"आवाज बरा आहे तुमचा," ते म्हणाले. "रविवारी मोकळ्या असता का?"

"काका, मी सोमवार ते रविवार मोकळीच असते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग रविवारी तीनला तयार राहा. उशीर चालणार नाही. तिथे सूर्याशी गाठ आहे."

सूर्याशी गाठ म्हणजे काय, ते स्टेशनवर गेल्यावर कळलं. मक्याच्या मधोमध एक बसकं पांढरं घर. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार, आणि शेजारी आभाळात घुसलेला एकच टॉवर. मालक वॉल्टर. वडिलांनी काढलेलं स्टेशन सत्तरीतही एकटा चालवत होता. सकाळी मक्याचे आणि सोयाबीनचे भाव, बर्फ पडला की बंद असलेल्या शाळांची नावं, कोणाचं कुत्रं हरवलं, कोण वारलं, हे सगळं तोच सांगायचा, एकाच सुरात. त्याला परवाना होता फक्त दिवसाचा. अंधार पडला की एएमचा आवाज आकाशाला आपटून भलतीकडे जाऊन पडतो आणि दूरच्या मोठ्या स्टेशनांच्या मध्ये येतो, म्हणून लहानांनी दिवेलागणीला गप्प व्हायचं, असा सरकारी नियम. कोणत्या महिन्यात किती वाजता गप्प व्हायचं ते परवान्यातच लिहिलेलं. डिसेंबरात सव्वाचार. आमचा तास साडेतीन ते साडेचार. म्हणजे हिवाळ्यात सूर्य आमच्या ताटातलं उचलून न्यायचा.

वॉल्टर घड्याळाकडे बघायचा, मग खिडकीतून टाकीकडे, आणि उजवा हात वर करायचा. हात वर गेला की मी वाक्याच्या मधे असले तरी आवाज बंद. एकदा मी म्हणत होते, "आणि पुरणात जायफळ घालायचं ते मात्र," आणि संपलं. पुढचा आठवडाभर लोक म्हणे विचारत होते, ते मात्र काय.

त्या घराला एक वास होता. तापलेल्या धुळीचा, जळक्या कॉफीचा, आणि आमच्या आधीच्या तासाला येणाऱ्या पोलिश आजींच्या खसखशीच्या केकचा. त्या दारात भेटायच्या, गालाला हात लावायच्या आणि केकचा तुकडा कागदात बांधून द्यायच्या. मी चकल्या न्यायचे. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण झालं नाही.

एप्रिलमध्ये खिडकीबाहेर नुसती काळी माती असायची आणि खताचा घमघमाट. जूनमध्ये मका गुडघ्याला, जुलैअखेर खिडकीच्या वर. मग स्टुडिओत हिरवा अंधार व्हायचा आणि पानं काचेवर घासत राहायची. तो आवाज माइकमधून जायचा. दातेकाका त्याला वैतागायचे, मला तो आवडायचा. साताऱ्याला शेतावर रात्री असाच आवाज यायचा. लांब कुठे वीज चमकली की कानातल्या हेडफोनमध्ये कडकड व्हायचं, आभाळ दिसायच्या आधीच पाऊस कळायचा. ऑक्टोबरात मका कापायचे, सगळीकडे सोनेरी कूस उडायचं, घसा खवखवायचा, आणि एका रविवारी पाहावं तर क्षितिजापर्यंत काहीच नसायचं. टाकी आणि सूर्य, दोघेच. त्या रविवारापासून माझी घालमेल सुरू व्हायची. बोलताना डोळा खिडकीकडे. एक गाणं कमी करू का, काकांना खूण करू का. उन्हाळ्यात मी रमतगमत बोलायचे, हिवाळ्यात धापा टाकत.

तासाचा जीव होता तो 'सोबत'मध्ये. गावाकडून पहिल्यांदाच येणारे आईवडील, इंग्रजीचा गंध नाही, मधे विमान बदलायचं, ह्या सगळ्यांना त्याच विमानाने येणारं कोणीतरी मराठी माणूस हवं असायचं. अमुक तारखेला मुंबईहून निघणाऱ्या एका मावशींना सोबत हवी आहे. तमुक तारखेला परत जाणाऱ्या काकांना सोबत हवी आहे, ते पथ्याचं खातात. ह्या सूचना आधी शेवटी असायच्या. सूर्याने त्यातल्या दोन-तीन आजी गिळल्यावर हिवाळ्यापुरत्या त्या सुरुवातीला आणल्या.

सूचना द्यायची ती दातेकाकूंकडे. काकू स्टेशनवर कधी आल्या नाहीत. त्यांच्या नेपरव्हिलच्या घरचा फोन म्हणजेच आमचं ऑफिस. तो नंबर शॉमबर्गपासून नेपरव्हिलपर्यंतच्या मराठी माणसाला स्वतःच्या नंबराआधी पाठ झालेला. काकू फोन उचलायच्या, समोरच्याच्या आईची तब्येत विचारायच्या, लोणच्याला बुरशी का आली ते सांगायच्या, आणि मग मुद्द्यावर यायच्या. कधी इथेच जन्मलेली मुलं आजीसाठी फोन करायची आणि इंग्रजीतच बोलायची. त्यांच्यासाठी काकूंनी एक मंत्र तयार केला होता, "फ्रॉम व्हेअर, टू व्हेअर, व्हिच डेट?" एवढंच त्यांचं फोनवरचं इंग्रजी. बाकी गोऱ्या माणसाचा फोन आला की त्या रिसीव्हर काकांच्या हातात द्यायच्या, पोळलं असल्यासारखा.

पण ऐकतं कोण, हा किडा माझ्या डोक्यातून जायचा नाही. स्टेशनचा आवाज शॉमबर्गच्या आमच्या घरात यायचाच नाही. नितीन मला सोडायला यायचा आणि बाहेर खडीवर गाडी लावून गाडीतच ऐकत बसायचा, कंटाळला की ऐकत ऐकत एक चक्कर मारून यायचा. म्हणजे माझा खात्रीचा श्रोता एक, तोही दाराशी. "पुलाखालून गेलं की तुझा आवाज जातो," तो सांगायचा, "विजेच्या तारांखाली तू गुणगुणून राहतेस. बाकी क्लिअर." मी विचारायचे, तुझ्याशिवाय कोणी ऐकत असेल का रे? तो म्हणायचा, "ऐकत असतील ना यार, नाहीतर सोबत कशी मिळते?" मला ते पटायचं नाही. सोबत काकूंच्या फोनवर मिळते, माझ्या बोलण्यामुळे नाही, असं वाटायचं. आठवड्यातला तो एक तास मी कोणीतरी होते. तोही हवेत जात असेल तर मग माझं इथे आहे काय?

माझ्या तिथल्या तिसऱ्या डिसेंबरात वॉल्टरने आम्हाला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. त्याने कॉफी दिली तेव्हाच मी समजले. रविवारची सगळी दुपार एक धर्मोपदेशक वर्षभरासाठी मागत होता. पोलिश आजी थकल्या होत्या, त्या नाताळनंतर येणारच नव्हत्या. राहिलो होतो आम्ही.

"आय लाइक युअर आवर, डाटे," तो काकांना म्हणाला. "पण कोणी ऐकतं का, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी लोकांना इथे फोन करायला सांगा. सूर्यास्तापर्यंत हा दिवा लागत राहिला, तर मी त्या माणसाला नाही म्हणेन. नाही लागला, तर हो म्हणेन."

दिवा म्हणजे स्टुडिओतल्या फोनचा. त्याला घंटी नव्हती, कोणी फोन केला की लाल दिवा उघडझाप करायचा.

त्या रविवारी मी गाणी कमीच ठेवली. सुरुवातीलाच सांगितलं, मधे सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. स्टेशनचा नंबर मराठीत वाचला, इंग्रजीत वाचला. आपला तास राहावा असं वाटत असेल तर आत्ता, सूर्यास्ताच्या आत फोन करा. वॉल्टर फोनसमोर खुर्ची टाकून बसला होता. दोन्ही हात मांडीवर. त्याने मुद्दाम दाढी केली होती, लोकांशी बोलायचं म्हणून.

दिवा लागला नाही.

गाणं लावलं की आम्ही तिघेही त्या दिव्याकडे बघायचो. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. दातेकाका एकदा म्हणाले, "लाइन बिघडली असेल," तेव्हा वॉल्टरने रिसीव्हर उचलून आमच्या कानाला लावला. लाइन छान चालू होती. बाहेर बर्फावर ऊन तांबडं झालं, टाकीची सावली शेतभर लांबली. शेवटी मी काय बोलत होते मलाच कळत नव्हतं, पण थांबत नव्हते. वॉल्टरने हात वर केला. मग त्याने तोच फोन उचलला आणि आमच्यासमोर त्या उपदेशकाला हो म्हणून सांगितलं.

नेपरव्हिलला काकांच्या घरी पोचलो तेव्हा आतून शिरा भाजल्याचा वास येत होता. काकूंनी दार उघडलं ते खांद्याने, कारण कानाशी फोन होता. गाल लाल झालेले.

"अहो, श्वास घ्यायला फुरसत नाही," त्या म्हणाल्या. "साडेतीनपासून फोनवर फोन. ठेवला की वाजतोय. मी एवढं सगळं कोणाकोणाला सांगू? शेवटी म्हटलं, होईल हो, राहील तुमचा तास, आता मला शिरा करू दे."

आम्ही कोट न काढता उभे राहिलो.

"काकू," मी म्हणाले, "स्टेशनवर फोन करायचा होता."

"ते सांगितलंस की तू. मीही सांगत होते. पण म्हणाले, त्या गोऱ्या माणसाशी आम्ही काय बोलणार, काकू, तुम्हीच सांगा ना त्याला. मी सांगायला किती वेळा फोन उचलला, तर त्याच्यात आधीच कोणीतरी बोलतंय."

काकांचा मोबाइल बंद होता. स्टुडिओत माइकमध्ये खरखर येते म्हणून वॉल्टर तो बंद करायला लावायचा. काकांनी तिथूनच वॉल्टरला फोन लावला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आय गेव्ह माय वर्ड. सनसेट इज सनसेट, डाटे."

मला असा राग आला की मी बाहेर जाऊन काकूंच्या ड्राइव्हवेवर बर्फात येरझारा घालायला लागले. वॉल्टरचा राग, आपल्या लोकांचा राग. घरचा फोन सोडून परक्याला फोन करवत नाही ह्यांना. डॉक्टर आहेत, मॅनेजर आहेत, दिवसभर गोऱ्यांच्या मीटिंगा घेतात, आणि रविवारी चार वाक्यं बोलायची तर काकू तुम्हीच सांगा. नितीन मागे आला आणि बरोबर चालायला लागला.

आत आल्यावर काकू मला एकेक सांगत बसल्या. कोणी रविवारी इस्त्री करताना ऐकतं. कोणी पोळ्या लाटताना. शॉमबर्गला एका घरात रेडिओवर लागत नाही म्हणून त्यांचे वडील कोट-टोपी घालून गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसतात, तासभर. "जायफळाचं पुढे काय ते विचारत होत्या एक जणी," काकू म्हणाल्या. तास गेला होता, आणि तो गेल्यावर मला कळत होतं की तो होता. शिऱ्याची वाटी हातात घेऊन मी रडले.

ती तार हातात धरून मी हे सगळं मुग्धाला सांगत होते. टॉवर दिसतो तेवढाच नसतो, हे मला वॉल्टरनेच सांगितलं होतं. त्याच्या बुंध्यापासून चहूकडे जमिनीखाली तांब्याच्या तारा पसरलेल्या असतात, तितक्याच लांब. माती धरली नाही तर आवाज वर चढत नाही, असं तो म्हणायचा. पुढे वर्षभरातच स्टेशन बंद झालं, वॉल्टर मुलीकडे ॲरिझोनाला गेला. टॉवर कधी उतरवला ते आम्ही पाहिलं नाही. वरचं सगळं नेलं, खालचं बहुधा पूर्ण निघालं नाही. मला आता नेपरव्हिललाच बँकेत नोकरी आहे, गाडी येते. रविवारी साडेतीनला मात्र अजून पाय हलतात.

"मग त्या वॉल्टरला तुम्ही परत भेटलाच नाहीत?" मुग्धाने विचारलं.

भेटलो ना. पुढच्याच रविवारी. करायला काही नव्हतं, तरी सवयीने आम्ही काकांच्या घरी जमलो होतो. कोणी रेडिओ लावला नाही. साडेतीन झाले आणि फोन वाजला. काकूंनी उचलला. पलीकडे गोरा आवाज, म्हणून त्या काकांकडे रिसीव्हर देणार, तेवढ्यात थांबल्या. हात हलवून आम्हाला गप्प केलं. पलीकडून तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता, इतका मोठ्याने की आम्हालाही ऐकू येत होतं.

"इज धिस व्हेअर पीपल कॉल? अबाउट द मराठी आवर?"

"यस," काकू म्हणाल्या.

"आय वॉन्ट टू गिव्ह अ नोटीस. सोबाट."

काकू गोंधळल्या नाहीत. तो शब्द आला की त्यांचा मंत्र तयार असायचा. "फ्रॉम व्हेअर, टू व्हेअर, व्हिच डेट?"

तो म्हणाला, "फ्रॉम नाऊ टिल सनसेट, मॅम."

काकूंनी फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाल्या, "चला, उठा." शिरा उरला नव्हता, म्हणून लाडवांचा डबा घेतला, थर्मासमध्ये चहा भरला. पहिल्यांदाच त्या स्टेशनवर आल्या. दार वॉल्टरने उघडलं. दाढी केलेली होती. स्टुडिओत त्या उपदेशकाची टेप हवेत जात होती, खोलीतला आवाज तेवढा बंद केलेला. आम्ही मागे स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसलो. वॉल्टरने खुर्ची पुढे ओढली, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

मी सुरुवात केली. नमस्कार मंडळी, अशीच. त्या आठवड्याच्या सोबतीच्या सूचना सांगितल्या, काकू तारखा दुरुस्त करत होत्या. संक्रांत कधी आहे ते सांगितलं. जायफळाचं पुढे काय ते सांगितलं. काका गाण्यांची नावं सांगायचे आणि आम्ही ती न ऐकताच पुढे जायचो. वॉल्टरला अक्षरही कळत नव्हतं, तो लाडू खात ऐकत होता. खिडकीत टाकीमागे सूर्य उतरला. सवयीने माझा आवाज धापा टाकायला लागला. वॉल्टरने हात वर केला, आणि मी वाक्याच्या मधेच थांबले.

तो उठून स्टेशन बंद करायला मधल्या दारातून स्टुडिओत गेला. एक बारीक घरघर थांबली, जी आजवर मला कधी वेगळी ऐकूच आली नव्हती. घर एकदम शांत झालं. तो परत आला, टेबलावरचा दिवा लावला, खुर्चीवर बसला.

"गो ऑन," तो मला म्हणाला.